सिममधल्या विमानाच्या आकड्यांत हात घालताना: नवख्यांसाठी पायरी पायरीने

फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर, थोडे दिवस उडवलं की प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच की हे विमान जरा सुस्तच आहे, किंवा उतरताना फारच तरंगतंय, किंवा नाक जरा ओढलं तर लगेच वर उसळतंय. मग कोणीतरी सांगतं की एक साधी टेक्स्ट फाइल असते, त्यात आकडे बदलले की झालं. ते खरंय. पण "झालं" म्हणजे नक्की काय झालं हे कळायला मला बरेच महिने लागले, कारण मी एका वेळी पाच आकडे बदलायचो आणि मग कशाने काय बिघडलं ते शोधत बसायचो.

मी सगळं एफएसएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर टेन धरून सांगतोय. सिम २००६ चं आहे, जुनं आहे, पण फाइल उघडी असते आणि शिकायला त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही. उदाहरणाला सेसना १७२ एसपी हे छोटं प्रोपेलरचं विमान, कारण ते सिमबरोबर येतं आणि त्याचे खरे आकडे पायलटच्या हँडबुकात छापलेले असतात. नवीन सिममध्ये काय वेगळं आहे ते शेवटी सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. सेक्शनची आणि ओळींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती इंग्रजीत असतात आणि शब्दांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोर असतो. म्हणजे मी "पॅरासाइट ड्रॅग स्केलर" म्हटलं की फाइलमध्ये तीच ओळ इंग्रजी स्पेलिंगने शोधा. आणि आकडे टाइप करताना इंग्रजी अंक आणि टिंबच वापरा, स्वल्पविराम नको, देवनागरी अंक तर अजिबात नको. हसू नका, कीबोर्ड मराठीवर राहिला की हे होतं.

१. आधी हे जवळ असू द्या

- विमानाच्या पायलट हँडबुकातले परफॉर्मन्सचे आकडे. नेमके तुमच्याच मॉडेलचे, कारण १७२ च्या जुन्या मॉडेलांना १६० किंवा त्याहून कमी हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि एसपीला १८० चं आहे.
- नोटपॅड किंवा तसलाच साधा एडिटर. वर्ड प्रोसेसर नको, तो फाइलमध्ये स्वतःचं काहीतरी घुसवतो.
- स्टॉपवॉच. मोबाइलमधलं चालतं.
- वही. खरंच वही. कुठला आकडा किती होता, किती केला आणि काय मोजमाप आलं हे लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच्याच फाइलकडे परक्यासारखे बघत बसाल.

१७२ एसपीचे कामाला येणारे आकडे हे घ्या. जास्तीत जास्त वजन २५५० पाउंड. त्या वजनाला समुद्रसपाटीवर क्लाइंब, म्हणजे चढायचा वेग, ७३० फूट प्रति मिनिट, तो ७४ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). ८५०० फुटांवर ७५ टक्के पॉवरला क्रूझ, म्हणजे एका उंचीवर सरळ उडतानाचा वेग, १२४ नॉट, हा ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतला खरा वेग बरं का. स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख वजन उचलायचं सोडतो तो, फ्लॅपशिवाय (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या झडपा) ४८ नॉट आणि पूर्ण फ्लॅपला ४०, हे दोन्ही एअरस्पीड मीटरवर दिसणारे. इंजिन बंद पडलं तर ग्लाइड ६८ नॉटला आणि उंचीच्या साधारण ९ पट अंतर. इतकं पुरतं.

२. विमानाची कॉपी करा, मूळ विमानाला हात लावू नका

एफएसएक्सच्या फोल्डरात सिमऑब्जेक्ट्स, त्यात एअरप्लेन्स, त्यात सी१७२ असं फोल्डर असतं. ते अख्खं कॉपी करून त्याच जागी वेगळ्या नावाने ठेवा. आता कॉपीतली एअरक्राफ्ट डॉट सीएफजी उघडा. सुरुवातीला फ्लाइटसिम (फाइलमध्ये स्पेलिंग एफएलटीसिम) डॉट शून्य, डॉट एक असे सेक्शन दिसतील, एकेक सेक्शन म्हणजे एकेक रंगसंगती. प्रत्येकातली टायटलची ओळ बदलायलाच लागते, कारण दोन विमानांचं टायटल सारखं असलं की सिम गोंधळतं. यूआय व्हेरिएशन नावाची ओळ पण बदला, तिथे "टेस्ट" वगैरे लिहा म्हणजे मेनूमध्ये आपलं कुठलं ते लगेच कळतं.

खालचे सगळे परफॉर्मन्सचे सेक्शन त्या फाइलमधल्या सगळ्या रंगांना एकच असतात. म्हणजे एका रंगाचं विमान वेगवान आणि दुसऱ्या रंगाचं मूळ होतं तेवढंच, असं एका फोल्डरात होत नाही.

इथले दोन सापळे. विंडोज एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट, लपवतं, त्यामुळे सेव्ह करताना फाइल एअरक्राफ्ट डॉट सीएफजी डॉट टीएक्सटी होऊन बसते आणि तुम्ही बदल करत राहता, सिम मात्र जुनीच फाइल वाचतं. एक्स्टेंशन दाखवायची सेटिंग आधी चालू करा. दुसरं म्हणजे सिम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर विंडोज तिथे सरळ लिहू देत नाही, आणि एखादा जुना ३२ बिट एडिटर वापरलात तर ती फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात जाऊन पडते. सोपा उपाय असा की फाइल डेस्कटॉपवर आणायची, तिथे बदलायची आणि परत विमानाच्या फोल्डरात टाकायची, विंडोज परवानगी मागेल ती द्यायची.

३. काहीही बदलायच्या आधी मोजा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळायचो.

आधी सिमच्या रिअॅलिझम सेटिंगमध्ये जा आणि सगळे स्लायडर खरेपणाच्या बाजूला न्या. तिथेच एअरस्पीड इंडिकेटेड (खऱ्या मीटरवर दिसतो तसा) दाखवायचा की ट्रू, हा पर्याय आहे, तो इंडिकेटेडवर ठेवा. हवामान स्वच्छ, वारा शून्य, खाली तापमान १५ अंश आणि दाब २९.९२ इंच. फ्युएल अँड पेलोडमध्ये जाऊन वजन टेकऑफला बरोबर २५५० करा.

मग तीन उड्डाणं. पहिलं, समुद्रसपाटीजवळच्या एखाद्या धावपट्टीवरून उडा, पूर्ण थ्रॉटल, ७४ नॉट धरा आणि ५०० ते १५०० फूट चढायला किती सेकंद लागले ते मोजा, पुस्तकाप्रमाणे ८५ ते ९० च्या आसपास यायला हवेत. व्हर्टिकल स्पीडच्या काट्यावर जाऊ नका, तो नाचतो. दुसरं, ८५०० फुटांवर जा, उंची ऑटोपायलटला सांभाळू द्या आणि निदान पाच मिनिटं काहीच करू नका, वेग पूर्ण स्थिर होऊ दे, मग लिहा. तिसरं, तिथूनच थ्रॉटल बंद करून आधी ग्लाइड बघा, मग स्टॉल.

क्रूझला लोक हमखास फसतात ते इंडिकेटेड आणि ट्रूमध्ये. ८५०० फुटांवर ट्रू १२४ नॉट म्हणजे मीटरवर साधारण १०९ च दिसतात, हवा विरळ असते म्हणून. मीटरवर १०९ बघून "विमान १५ नॉट स्लो आहे" असं ठरवून कामाला लागलेली माणसं मी पाहिलीत. दर हजार फुटांना सुमारे २ टक्के असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवा.

आणि मिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण! माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय. वर गेल्यावर इंजिन धापा टाकतंय म्हणून मी पॉवर वाढवत गेलो, १.१, १.१५, १.२, आणि मग लक्षात आलं की लाल नॉब खालून निघाल्यापासून पूर्ण आत आहे, एवढ्या उंचीवर तो मागे ओढून मिश्रण पातळ करायचं असतं ते मी केलंच नव्हतं. ते केलं तर विमान मूळ आकड्यांवरच नीट चालत होतं.

४. दोष कुठे आहे ते ओळखा

आता वहीत तुमचे आकडे आणि पुस्तकातले आकडे शेजारी शेजारी आहेत. हा टप्पा नीट समजून घ्या, बाकी सगळं टायपिंग आहे.

विमानाला मागे ओढणारा ड्रॅग दोन प्रकारचा असतो. एक पॅरासाइट, म्हणजे हवेत घुसताना अंगाला होणारा विरोध, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसरा इंड्यूस्ड, तो पंखाने वजन उचलायची किंमत म्हणून पडतो, आणि तो कमी वेगाला जास्त असतो. म्हणून हळू उडताना दुसरा भारी पडतो आणि जोरात उडताना पहिला. यावरून निदान असं करायचं:

क्लाइंब आणि क्रूझ दोन्ही कमी येतायत पण ग्लाइड बरोबर आहे, तर इंजिन कमजोर आहे. क्लाइंब ठीक पण क्रूझ कमी, तर पॅरासाइट ड्रॅग जास्त आहे. क्रूझ ठीक पण क्लाइंब कमी आणि ग्लाइडला विमान दगडासारखं खाली येतंय, तर इंड्यूस्ड ड्रॅगकडे बघा. आणि सगळंच थोडं थोडं कमी आणि स्टॉल पण जास्त वेगाला होतोय, तर आधी वजन तपासा, बहुतेक वेळा मागच्या सीटवर तुम्ही विसरलेले दोन प्रवासी बसलेले असतात.

ग्लाइड मला सगळ्यात आवडतो तो याचसाठी की त्यात इंजिनाचा भाग जवळजवळ निघून जातो, उरतो तो ड्रॅग, मग पॉवर आणि ड्रॅग यांची सरमिसळ होत नाही.

५. वजनाचा सेक्शन

वेट अँड बॅलन्स नावाचा सेक्शन. मॅक्स ग्रॉस वेट, एम्प्टी वेट, मग रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य, मग स्टेशन लोड म्हणजे सीटवरची आणि सामानाची वजनं. वजनं पाउंडात, अंतरं फुटांत. गुरुत्वमध्याला शक्यतो हात लावू नका, तो जरा मागे सरकला की विमान आधी हलकं हलकं छान वाटतं आणि मग स्टॉलमधून बाहेरच यायला तयार होत नाही. त्याच सेक्शनमध्ये एमओआयचे आकडे आहेत, ते जडत्वाचे, विमान किती झटकन वळायला लागतं आणि किती झटकन थांबतं ते त्यावर. तेही राहू द्या.

६. पॉवर

पिस्टन इंजिन सेक्शनमध्ये पॉवर स्केलर ही ओळ शोधा, १.० असेल (स्केलर म्हणजे गुणक). हाच तुमचा मुख्य नॉब. खाली मॅक्स रेटेड एचपी वगैरे दिसेल, सिलिंडरची क्षमता दिसेल, ती खऱ्या इंजिनाची माहिती आहे, ती खरीच राहू द्या आणि फरक स्केलरमध्ये टाका, म्हणजे उद्या परत यायचं झालं तर एकच आकडा १.० करायचा.

किती वाढवायचं याचा अंदाज लावता येतो, उगाच चाचपडायला नको. समजा क्लाइंब ७३० ऐवजी ६३० येतोय. १०० फूट प्रति मिनिट कमी, वजन २५५० पाउंड, गुणाकार करून ३३००० ने भागलं की ७.७ हॉर्सपॉवर येतात. पण प्रोपेलर सगळी पॉवर हवेला देत नाही, चढताना ढोबळमानाने ७० ते ७५ टक्केच धरा, म्हणजे इंजिनाकडून साधारण १०-११ हॉर्सपॉवर जास्त हवेत. १८० च्या मानाने ते झाले ६ टक्के. म्हणून १.०६ टाकायचं आणि परत उडून बघायचं.

आता याच ६ टक्क्यांनी क्रूझ किती वाढेल? जेमतेम २ टक्के, म्हणजे दोन-अडीच नॉट. कारण वेग वाढवायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, वेग १० टक्के वाढवायचा तर पॉवर ३३ टक्के लागते. नवीन माणूस क्रूझ वाढवायला पॉवर वाढवतो, वाढवतो, वाढवतो, आणि शेवटी १७२ रॉकेटसारखं चढायला लागतं तरी क्रूझ काही हवा तेवढा येत नाही, त्याचं कारण हेच.

प्रोपेलर सेक्शनमध्ये थ्रस्ट स्केलर नावाची अशीच एक ओळ आहे. दोन्ही एकदम फिरवू नका, एकच निवडा. मी पॉवर स्केलर वापरतो.

जेट असेल तर पॉवर नाही, थ्रस्ट म्हणजे पुढे ढकलणारा जोर असतो, टर्बाइनच्या सेक्शनमध्ये स्टॅटिक थ्रस्ट पाउंडात दिलेला असतो तो खऱ्या इंजिनाचा आहे ना ते बघा आणि बारीक फरक जेट इंजिन सेक्शनमधल्या थ्रस्ट स्केलरने करा.

७. ड्रॅग आणि लिफ्ट

फ्लाइट ट्यूनिंग नावाचा सेक्शन. (लिफ्ट म्हणजे पंखाचं वर उचलणारं बळ.) इथे सगळेच गुणक आहेत, १.० म्हणजे काही फरक नाही, १.१ म्हणजे १० टक्के जास्त.

पॅरासाइट ड्रॅग स्केलरचं उदाहरण घेऊ. क्लाइंब बरोबर आलाय, पण क्रूझ १२४ ऐवजी १२० ट्रू येतोय. १२४ भागिले १२० म्हणजे १.०३३, त्याचा घन १.१०, म्हणजे ड्रॅग तेवढ्या पटीने कमी हवा, १ भागिले १.१०, साधारण ०.९०. ते टाका. क्रूझला थोडा इंड्यूस्ड ड्रॅगही असतो त्यामुळे एका फटक्यात नेमकं येणार नाही, नॉटभर कमी येईल, मग ०.८९, ०.८८ असं सरकत जा. आणि हे केल्यावर क्लाइंब परत मोजा, तो थोडासा वाढलेला असतो, मग पॉवर किंचित खाली. असं दोन-तीन फेऱ्यांत जुळतं.

इंड्यूस्ड ड्रॅग स्केलर क्लाइंब आणि ग्लाइडवर जास्त दिसतो, लँडिंगला विमान फार तरंगत असेल तर तोच थोडा वाढवून बघा. पण त्याआधी स्वतः कुठल्या वेगाने येताय ते बघा हो. फायनलला, म्हणजे धावपट्टीकडे शेवटचं सरळ उतरताना, ७५ नॉटने येऊन "तरंगतंय" म्हणायला अर्थ नाही.

क्रूझ लिफ्ट स्केलर हे नाव फसवं आहे. हा वाढवला की वेग वाढत नाही. कमी कोनाला पंख किती लिफ्ट देतो ते यात बदलतं, त्यामुळे क्रूझमध्ये नाक किती वर किंवा खाली दिसतं त्यावर परिणाम होतो, आणि स्टॉलच्या कोनाकडे जाताना त्याचा असर आपोआप कमी होत जातो. म्हणून स्टॉल स्पीड बदलायला याचा उपयोग जवळजवळ नाही. स्टॉल पूर्ण फ्लॅपलाच चुकत असेल तर फ्लॅप्सच्या सेक्शनमधला लिफ्ट स्केलर बघा. फ्लॅपशिवायही चुकत असेल आणि वजन बरोबर असेल, तर गोष्ट डॉट एअर फाइलमधल्या लिफ्टच्या टेबलापर्यंत जाते, ती बायनरी फाइल आहे, वेगळं टूल लागतं, आणि पहिल्या महिन्यात तिकडे फिरकू नका.

८. हाताला लागणारा फरक

फ्लाइट ट्यूनिंगच्याच सेक्शनमध्ये एलिव्हेटर, एलेरॉन आणि रडरची इफेक्टिव्हनेस आहे, आणि पिच (नाक वर-खाली), रोल (पंख कलणं), यॉ (नाक डावी-उजवीकडे) यांची स्टॅबिलिटी. इफेक्टिव्हनेस म्हणजे स्टिक हलवल्यावर किती जोर मिळतो. स्टॅबिलिटी म्हणजे इथे झोके किती लवकर विरतात, डॅम्पिंग म्हणा. नाक वर-खाली डुलतच राहत असेल तर एलिव्हेटर कमी करू नका, पिच स्टॅबिलिटी वाढवा.

पण सांगतो, नवख्यांच्या दहातल्या आठ तक्रारी इथे जॉयस्टिकच्या असतात, विमानाच्या नाहीत. सेन्सिटिव्हिटी आणि नल झोन (मधोमध स्टिक हलली तरी सिम दुर्लक्ष करतं तो भाग) आधी नीट लावा. दुसऱ्या विमानातही तेच होतंय का बघा. होत असेल तर ही फाइल बंद करा.

९. हे आकडे बदलून काही होत नाही

रेफरन्स स्पीड्स सेक्शनमध्ये क्रूझ स्पीड अशी छान ओळ आहे. तिथे २०० लिहिलं म्हणून १७२ दोनशेने उडत नाही. ती संदर्भासाठीची माहिती आहे, तुमच्या विमानाला ढकलणारं त्यात काही नाही. मॅक्स इंडिकेटेड स्पीड मात्र ओव्हरस्पीडच्या इशाऱ्याशी जोडलेला आहे, १७२ ला खरी मर्यादा १६३ नॉट आहे, ती वाढवून ठेवली तर विमान मजबूत होत नाही, फक्त ओरडायचं थांबतं.

इंधन जास्त पितंय वाटलं तर जनरल इंजिन डेटामध्ये फ्युएल फ्लो स्केलर आहे. ७५ टक्के पॉवरला नीट लीन करून, म्हणजे मिश्रण पातळ करून, तासाला १० गॅलनच्या आसपास यायला हवं. पॉवरचं काम संपल्यावरच हा लावा, आधी नाही.

१०. बदल, रीलोड, मोजमाप

प्रत्येक वेळी सिम बंद करून चालू करायची गरज नाही. कंट्रोल्सच्या यादीत विमान रीलोड करायची कमांड असते, तिला मुळात की दिलेली नसते, ती तुम्ही द्या. फाइल सेव्ह, की दाबा, नवीन आकडे लागू. पण रीलोडनंतर वजन आणि इंधन परत एकदा डोळ्याखालून घाला.

एका वेळी एकच ओळ. जुनी ओळ पुसू नका, तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा टाकून ठेवा आणि खाली नवी लिहा. आणि वरच्यासारखा हिशेब केलेला नसेल तर एकदम ५ टक्क्यांच्या वर उडी मारू नका. एखादा गुणक ०.७ च्या खाली किंवा १.३ च्या वर न्यावा लागतोय असं वाटलं तर थांबा, चूक दुसरीकडे कुठेतरी आहे, बहुतेक तुमच्या मोजण्यात.

११. नवीन सिम असेल तर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये हीच फाइल तुकड्यांत वाटलेली आहे. फ्लाइट ट्यूनिंग आणि वजन फ्लाइट मॉडेल डॉट सीएफजीमध्ये, इंजिन इंजिन्स डॉट सीएफजीमध्ये. ओळींची नावं बरीचशी तीच, त्यामुळे वर शिकलेलं वाया जात नाही. ऑफिशियल फोल्डरमधल्या फाइली बदलू नका, अपडेट आला की सगळं पुसलं जातं, कॉपी कम्युनिटी फोल्डरात (बाहेरून आणलेली विमानं ठेवायच्या जागी) ठेवा. तिथे लेआउट डॉट जेसन नावाची फाइल असते, तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहिलेला असतो, तुम्ही सीएफजी बदलली की तो जुळत नाही, म्हणून ती परत बनवायला लागते, त्याचं छोटं फुकट टूल मिळतं. काही विकतची आणि वरच्या एडिशनची विमानं एन्क्रिप्टेड असतात, ती उघडतच नाहीत, तिथे डोकं फोडू नका.

एक्स-प्लेनचा प्रकारच निराळा आहे. तिथे सिम पंखाचे तुकडे करून प्रत्येकावरचं बळ मोजतं, त्यामुळे विमानाचा आकार, इंजिन आणि प्रोपेलर हे सगळं सिमबरोबर येणाऱ्या प्लेन मेकर नावाच्या प्रोग्राममध्ये बदलायचं. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि सगळं उघडं, त्यातली बरीच विमानं जेएसबीसिमवर (उड्डाणाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामवर) चालतात आणि ते आकडे एक्सएमएल फाइलीत असतात, तिथे टॅग बंद करायला विसरलात तर विमान लोडच होत नाही.

आणि तुम्ही ट्यून केलेलं विमान मित्राला द्यायचं झालं तर अख्खं फोल्डर देऊ नका, विशेषतः विकत घेतलेलं असेल तर, ते तुम्हाला वाटायचा हक्क नसतो. बदललेल्या चार ओळी आणि वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा, तेवढ्यावर तो स्वतःची फाइल बदलू शकतो.